वंगण आणि पाचर : कृत्रिम खुब्याची सव्वाशे वर्षांची गोष्ट

१९५० च्या दशकात इंग्लंडमधील मँचेस्टर भागात काम करणाऱ्या जॉन चार्नली या अस्थिशल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याच्या मांडीच्या हाडाचे झिजलेले डोके काढून तिथे ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. तक्रार विचित्र होती. पुढे वाकले की खुबा जुन्या बिजागरीसारखा कुरकुरत असे. त्या आवाजामुळे त्याची बायको त्याच्यासोबत एका खोलीत बसणे टाळू लागली होती.

ऐकणाऱ्याला हसू यावे अशी ही गोष्ट. चार्नलींनी मात्र स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. दार कुरकुरते ते बिजागरीत घर्षण वाढल्यामुळे. मग हा खुबाही घर्षणामुळेच कुरकुरत असणार. आणि घर्षण इतके असेल, तर प्रत्येक पावलाला तो गोळा आपल्या दांड्याला पिरगळत असणार. दांडा हाडात सैल होतो तो बसवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, वरचा गोळा नीट घसरत नाही म्हणून!

कृत्रिम खुब्याच्या इतिहासातील हे महत्त्वाचे वळण आहे. तोवर गोळा नीट फिरला पाहिजे हा एक प्रश्न आणि दांडा हाडात घट्ट बसला पाहिजे हा दुसरा, असे मानले जात होते. प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. पुढची सारी वाटचाल, सिमेंटचे खुबे आणि आज बसवले जाणारे बिनसिमेंटचे खुबे, या एका सूत्रातून समजून घेता येते. घर्षण एका जागी शत्रू आहे आणि चार बोटांच्या अंतरावर तेच मित्र आहे.

चाकाचे शहाणपण

ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिली आहे त्यांना हे सूत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. चाक आखाभोवती फिरते तिथे वंगण हवे. ते नसेल तर गाडी कुरकुरते, बैल दमतात आणि आख झिजतो. पण त्याच चाकाच्या कडेवर जी लोखंडी धाव असते, ती सुतार-लोहार तापवून, फुगवून चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. तिथे तसूभरही घसरण चालत नाही. तिथे घर्षण नसेल तर धाव निसटेल आणि चाक मोडेल.

आपला खुबाही असाच. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. दोन्हींवर कूर्चेचे अस्तर असते आणि मध्ये निसर्गाचे वंगण. या जोडीचा घर्षण गुणांक सुमारे ०.०१ किंवा त्याहूनही कमी भरतो. बर्फावर बर्फ घसरण्यापेक्षाही हा सांधा सहज घसरतो. संधिवात, क्षयरोग किंवा अस्थिभंग यांमुळे हे अस्तर गेले की हाडावर हाड घासू लागते आणि माणसाचे चालणे थांबते.

माणसाने बनवलेल्या खुब्यात एक अडचण जास्तीची आहे. निसर्गाचे डोके हाडातूनच उगवलेले असते, ते बसवावे लागत नाही. कृत्रिम डोके मात्र धातूच्या दांड्यावर असते. तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवावा लागतो आणि नवी वाटी कमरेच्या हाडात. म्हणजे एका घसरणाऱ्या जागेसाठी दोन न घसरणाऱ्या जागा निर्माण कराव्या लागतात.

हस्तिदंत, काच आणि ॲक्रिलिक

पहिले गंभीर प्रयत्न बर्लिनमध्ये झाले. थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने १८९०-९१ च्या सुमारास क्षयरोगाने खाल्लेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंताचे सांधे बसवले. ते हाडात धरून ठेवण्यासाठी त्यांनी स्क्रू वापरले, तसेच राळ, प्यूमिस दगडाची भुकटी आणि प्लास्टर यांचे मिश्रणही करून पाहिले. ‘पकड कशी मिळवायची’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता हे यावरून दिसते. पण क्षयरोगाचा संसर्ग मुळातच त्या सांध्यांत होता, त्यामुळे ते टिकले नाहीत. त्या काळचे वजनदार शल्यविशारद अर्न्स्ट फॉन बर्गमान यांच्या विरोधामुळे ग्लुक यांचे काम मागे पडले.

१९२३ मध्ये बॉस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी झिजलेल्या डोक्यावर काचेची टोपी घातली. टोपी कुठेच बांधायची नाही, दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवायची, म्हणजे पकडीचा प्रश्नच नको. काच फुटू लागली तेव्हा १९३८ मध्ये त्यांनी दंतवैद्यकातून आलेला व्हायटॅलियम हा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू घेतला. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फिलिप वाइल्स यांनी पोलादी गोळा आणि पोलादी वाटी, दोन्ही स्क्रूंनी बसवून संपूर्ण खुबा बदलण्याचा प्रयत्न केला. १९४६ पासून पॅरिसचे ज्यूदे बंधू ॲक्रिलिकचे गोळे बसवू लागले. सुरुवातीचे निकाल पाहून जग भारावले, मग गोळे झिजू, तुटू आणि सैल होऊ लागले. चार्नलींकडे आलेला तो कुरकुरणारा खुबा याच ज्यूदे पद्धतीचा होता.

याच काळात अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाचे ऑस्टिन मूर यांनी एक कल्पना आणली, जिचे महत्त्व पुढे तीस वर्षांनी कळले. त्यांनी दांड्याला आरपार खिडक्या ठेवल्या. हेतू हा की हाड त्या खिडक्यांतून वाढावे आणि दांडा आपोआप अडकून बसावा. हा दांडा मूळच्या कल्पनेत बिनसिमेंटचाच होता. म्हातारपणी पडून खुबा मोडलेल्या रुग्णांसाठी हा ‘ऑस्टिन मूर’ भारतातील रुग्णालयांतही अनेक दशके सर्रास वापरला गेला.

चार्नलींचे दोन धडे

कुरकुर ऐकून चार्नलींनी हिशेब मांडला. गोळ्यावर जितके घर्षण, ते गोळ्याच्या त्रिज्येने गुणले की वाटीला पिरगळणारा जोर मिळतो. म्हणजे हा जोर कमी करण्याचे दोनच मार्ग : घर्षण कमी करा आणि गोळा लहान करा. जाड मुठीचा पेचकस स्क्रू सहज फिरवतो, बारीक मुठीचा नाही, तेच तत्त्व. लंकाशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी शेवटी सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा निश्चित केला. नैसर्गिक डोके याच्या जवळपास दुप्पट असते.

वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. उपलब्ध घन पदार्थांत सर्वांत कमी घर्षणाचे. १९५८ पासून त्यांनी सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण काठ्या टाकून चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत गोळा वाटीला आरपार कोरू लागला. झिजलेल्या टेफ्लॉनच्या कणांभोवती गाठी तयार झाल्या आणि हाड पोखरले गेले. पहिला धडा हा होता : कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे. साबण हाताला सर्वांत जास्त घसरतो आणि सर्वांत लवकर संपतोही.

चार्नलींनी यानंतर जे केले ते तंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. त्यांनी टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून प्रतिक्रिया तपासली. शरीर टेफ्लॉनला कसे झिडकारते हे १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जाहीर लिहिले. आणि फसलेल्या वाट्या काढण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या.

१९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत उच्च घनतेच्या पॉलिथिनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी तो नखाने खरवडून बाजूला टाकला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेलेले पाहून तो झिजवण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. यंत्र कित्येक दिवस चालले, टेफ्लॉन ज्या वेगाने झिजत होते त्याच्या तुलनेत हा तुकडा झिजलाच नाही. त्याचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त होते, पण झीज नगण्य. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिनची पहिली वाटी बसली. जगातील खुबे आजही मुख्यतः त्याच घराण्याचे आहेत.

दुसरा धडा पकडीचा. चार्नलींनी दंतवैद्यकातील कवळीचे ॲक्रिलिक सिमेंट मऊ अवस्थेत हाडात दाबून भरले आणि त्यात दांडा बसवला. त्यांचे म्हणणे असे की हे सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. गवंडी खुंटीभोवतीच्या भोकात माल भरतो, तशी ती भर आहे. ती हाडाच्या जाळीत शिरते आणि भार लहानशा टोकांवर न पडता सगळीकडे वाटला जातो.

सिमेंटवर आळ

सत्तरच्या दशकात वीस-तीस वर्षे जगणार असलेल्या तरुण रुग्णांनाही हे खुबे बसू लागले आणि नवी तक्रार उभी राहिली. क्ष-किरण चित्रांत दांड्याभोवती हाड खाल्लेले दिसू लागले. काढलेल्या खुब्यांत सिमेंटचे तुकडे सापडले. निष्कर्ष सोपा वाटला : दोष सिमेंटचा. १९८० च्या दशकात ‘सिमेंटचा आजार’ हा शब्दच रूढ झाला. मग सिमेंटशिवाय हाडालाच धातू पकडायला लावता येईल का?

उत्तराचा एक धागा स्वीडनमध्ये होता. १९५२ मध्ये पेर-इंग्वर ब्रोनेमार्क सशांच्या हाडातील रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमच्या लहान नळ्या बसवत होते. प्रयोग संपल्यावर त्या काढायला गेले, तर निघेनात. हाड टायटॅनियमला थेट जाऊन चिकटले होते. दंतरोपणाचे सारे शास्त्र या फसलेल्या काढणीतून आले. दुसरा धागा सच्छिद्र धातूचा. अमेरिका आणि कॅनडात सत्तरच्या दशकात धातूचे मणी किंवा तंतू भट्टीत एकमेकांना जोडून खरखरीत, भोकाभोकांचा पृष्ठभाग तयार करण्यात आला. भोके साधारण ५० ते ४०० मायक्रॉनची असली की त्यांत हाड वाढते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. ऑस्टिन मूर यांच्या मोठ्या खिडक्या आता केसाएवढ्या झाल्या होत्या.

पण हाड वाढायला आठवडे लागतात. तोवर दांडा धरून कोण ठेवणार? इथेच घर्षण मित्र म्हणून परत येते. शल्यविशारद वाटीची जागा एक-दोन मिलिमीटर लहान कोरतो आणि मोठी वाटी ठोकून बसवतो. आवळलेले हाड धातूला दाबते, दाबामुळे घर्षण आणि घर्षणामुळे पकड. चाकाच्या धावेची हीच रीत. दांडा बसतो तो कुऱ्हाडीच्या पाचरीसारखा : वर रुंद, खाली निमुळता, जितका भार येईल तितका घट्ट. व्हिएन्नाचे कार्ल त्स्वायम्युलर यांनी १९७९ मध्ये टायटॅनियमचा चौकोनी निमुळता दांडा आणला, त्याचे चार कोपरे हाडात रुततात आणि दांड्याला फिरू देत नाहीत. गुळगुळीत धातूचा हाडाशी घर्षण गुणांक ०.३-०.४ च्या घरात असतो, खरखरीत सच्छिद्र धातूचा ०.५ च्या वर, काहींचा तर १ च्या जवळ जातो.

ही पहिली पकड किती पक्की हवी? कॅनडातील रॉबर्ट पिलियार आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून उत्तर दिले. दांडा प्रत्येक पावलाला सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत हलला तर हाड आत वाढू शकते. १५० मायक्रॉन किंवा अधिक हलला तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा पडदा तयार होतो. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे खुबा बसणार की सैल होणार, हे दोन केसांच्या जाडीवर ठरते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे काठी किंवा वॉकर घेऊन चाला असे सांगितले जाते, त्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो.

पाचर जास्त ठोकली तर दांडा चिरतो हे सुताराला माहीत असते. तसेच इथे हाड चिरते. आणि पकड उत्तम बसली तरी एक किंमत मोजावी लागते. ताठ धातू सारा भार स्वतः घेतो, मग वरच्या भागातील हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जाते. हाड कामाप्रमाणे घडते आणि मोडते, हा नियम बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडला होता. १९८५-८६ पासून दांड्यांवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेपही येऊ लागला. हे हाडातीलच खनिज, त्यामुळे हाड त्याकडे लवकर सरकते.

आणि मग सिमेंटवरचा आळ खोटा ठरला. बिनसिमेंटच्या खुब्यांभोवतीही हाड तसेच पोखरलेले दिसू लागले, जिथे सिमेंटचा कणही नव्हता. खरा गुन्हेगार होता पॉलिथिनच्या वाटीतून सुटणारा बारीक कण. शरीरातील पेशी तो गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या धडपडीत शेजारचे हाड विरघळते. पुन्हा तेच सूत्र : वरच्या सांध्यातील झीज खालची पकड खाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने रेणू घट्ट बांधलेले पॉलिथिन आले आणि झीज बरीच घटली.

विसरलेला धडा

झीज टाळायची तर प्लास्टिकच नको, धातूवर धातू किंवा सिरॅमिकवर सिरॅमिक वापरा, हा दुसरा प्रवाह. फ्रान्समधील पिएर बुत्याँ यांनी १९७० मध्ये सिरॅमिकचा खुबा बसवला होता. गंमत अशी की २००० नंतर यांतील काही खुबे कुरकुरू लागले. वंगण हुकले की सांधा बोलतो.

धातूवर धातूची गोष्ट मात्र गमतीची राहिली नाही. डीप्यू या कंपनीचा एएसआर हा खुबा २००३ च्या सुमारास बाजारात आला. मोठा गोळा, उथळ वाटी, वाटी बिनसिमेंटची. मोठा गोळा निसटत नाही म्हणून तरुणांसाठी आकर्षक. पण मोठा गोळा म्हणजे मोठी त्रिज्या, आणि वंगण हुकले की वाटीवर मोठा पिरगळणारा जोर. चार्नलींनी हाच हिशेब मांडून गोळा लहान केला होता. उथळ वाटीच्या कडेवर गोळा घासू लागला, कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरले, स्नायू आणि हाड सडू लागले, वाट्या सैल झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत हे आधी दिसले, तिथे २००९ च्या अखेरीस हा खुबा मागे घेतला गेला. इंग्लंडच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून तो परत मागवण्यात आला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात तो गेला होता.

त्यांत भारतातील सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया होत्या. आपल्याकडे हा प्रश्न ठोसपणे उचलणाऱ्यांत महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन पुढे होते. केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, आणि भरपाईचे सूत्र ठरले २०१८ च्या अखेरीस : सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. परत मागवणीपासून आठ वर्षे! या आठ वर्षांत अनेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही, कारण कोणाच्या शरीरात काय बसवले याची नीट नोंद नव्हती.

आपल्यासाठी काय?

या इतिहासातून सिमेंट चांगले की वाईट असा निकाल निघत नाही. तरुण, मजबूत हाडाच्या रुग्णाला बिनसिमेंटचा दांडा बरा पडतो, कारण त्याचे हाड धातूला धरते. वृद्ध, विरळ हाडाच्या स्त्रीला अनेकदा सिमेंटचा दांडा सुरक्षित ठरतो, कारण तिथे पाचर ठोकताना किंवा नंतर हाड चिरण्याचा धोका जास्त असतो. नोंदवह्यांतील आकडे वर्षानुवर्षे हेच सांगत आहेत. बिनसिमेंटचा म्हणजे नवा, नवा म्हणजे महाग, महाग म्हणजे चांगला, ही साखळी बाजाराची आहे, शास्त्राची नाही.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांसाठी हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, दिवसातून पाच वेळा सज्दा करणे, या हालचाली पाश्चात्त्य खुब्याच्या आराखड्यात मुळात धरलेल्या नव्हत्या. मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर नमाज पढणारे जे बुजुर्ग दिसतात, त्यांतील कित्येकांच्या शरीरात असा एखादा गोळा आणि दांडा असतो. किती वाकायचे, कधीपासून वाकायचे, हे खुब्याच्या प्रकारावर आणि हाडाच्या पकडीवर ठरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : गोळा आणि वाटी कशाची आहे, दांडा सिमेंटचा की बिनसिमेंटचा आणि माझ्या हाडासाठी तोच का, आणि बसवलेल्या भागाचा लेबल क्रमांक माझ्या कागदांत कुठे आहे. हा तिसरा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो. एएसआरच्या रुग्णांना सर्वांत महाग पडला तोही हाच.

राइटिंग्टनमधील अनेक रुग्णांनी मृत्यूनंतर आपला खुबा तपासणीसाठी परत देण्याचे चार्नलींना कबूल केले होते. ज्या माणसाने आपली चूक छापून सांगितली, त्याच्यावर त्यांनी एवढा भरवसा ठेवला. कृत्रिम सांध्याचे शास्त्र या भरवशावर पुढे गेले आहे. तो भरवसा आपल्याकडे उभा राहायचा असेल, तर आधी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागेल आणि फसलेला खुबा लपवण्याऐवजी मोजावा लागेल.